नाव न घेतलेला खेळाडू

सुधाकर, यंदाचा फुटबॉलचा संघ निवडायची बैठक परवा देवळाच्या सभामंडपात झाली आणि चहा यायच्या आत संपली. असं आजवर कधी झालं नव्हतं. कमिटीच्या प्रथमेशने नावं वाचली, पोरांनी माना डोलावल्या, कोणीतरी जर्सीच्या रंगाचा विषय काढला, झालं. मग कोणी उठेना. सगळे जागच्या जागी बसून राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की सगळे तुझी वाट बघताहेत. खांबाला टेकलेली पाठ जरा सरळ करून तू म्हणायचास, "सगळं बरोबर हाय, पण मधला कुठाय?" आणि खरी बैठक तिथून सुरू व्हायची.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. वाचनालयाच्या टेबलाशी बसून हे लिहितोय. मास्तरला एक पोस्टकार्ड लिहायला अख्खी दुपार लागते, असं तू सगळ्यांना सांगायचास. हेही तसंच चाललंय. एक ओळ लिहितो, चष्मा पुसतो, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो. तू या खुर्चीत बसून फक्त वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचायचास आणि बाकीचा पेपर न वाचताच कोरा असल्यासारखा घडी घालून मला परत द्यायचास.

मला फुटबॉल कळत नाही, पण तुझं म्हणणं तोंडपाठ आहे. आपली स्पर्धा पुळणीवर होते. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट असते, तेवढ्या वेळात सगळे सामने उरकायचे. अंतिम सामना शेवटचा, म्हणजे पाणी परत फिरायच्या वेळेचा. आपली पोरं पहिल्या हाफमध्ये मोकाट सुटतात, दुसऱ्या हाफमध्ये त्यांचे पाय भरून येतात. तोवर समुद्राकडची बाजू मऊ पडलेली असते. तिकडे चेंडू टाकला की तो रुततो आणि त्याच्यामागे धावणारा पोरगाही रुततो. आपण दरवर्षी तिथेच हरतो, हे तू इतक्या वेळा सांगितलंस की शेवटी शेवटी पोरं तुझ्या आधीच ते म्हणून टाकायची.

"पण काका, आमची पोरं घोड्यासारखी पळतात," प्रथमेश म्हणायचा.

"घोडी भरपूर हायत. टांगा हाकणारा न्हाय."

"मग तुम्ही बसा टांग्यावर."

"मी बसलो तर घोडी जागेवर मरतील रे."

सगळे हसायचे, तू सर्वांत मोठ्याने. मग तू गंभीर व्हायचास. एसटीच्या डेपोत आयुष्यभर इंजिनं उघडून बसलेला माणूस, तू खेळही तसाच उघडून दाखवायचास. मधल्या फळीत आपल्याला पळणारा नको, म्हणायचास. तिशी उलटलेला चालेल, किंबहुना उलटलेलाच बरा. चेंडू पायाशी यायच्या आधी मान वळवून दोनदा बघणारा हवा. गोंधळ झाला की चेंडूवर पाय ठेवून उभा राहील आणि बाकीच्यांना श्वास घेऊ देईल असा. पाणी कुठवर आलंय हे ज्याला मागे न बघता कळतं, आणि जो कोणाला न सांगता सगळा खेळ हळूहळू घट्ट वाळूकडे, सुरूच्या झाडांकडे सरकवतो असा. ज्यानं मोठी मैदानं बघितली आहेत, म्हणून जो आपल्या छोट्या मैदानात आरडाओरडा करत नाही.

"असा माणूस मिळणार कुठं, काका?"

"मिळतो."

"नाव सांगा ना मग."

तू खांबावरच्या रंगाचा पोपडा नखाने काढत बसायचास. "नाव तुम्ही शोधा. कमिटी तुमची."

नाव सगळ्यांना ठाऊक होतं. महेंद्र. खाडीपलीकडचा. मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून बरीच वर्षं खेळला, तो संघ बंद पडल्यावर गावी परत आला आणि बापाची होडी चालवायला लागला. आल्या वर्षीच अंतिम सामन्यात त्यानं आपल्याला जवळजवळ एकट्यानं हरवलं. आणि त्याच हिवाळ्यात तुझी लेक नीलम कोणाला काही न सांगता त्याच्याशी लग्न करून पलीकडे राहायला गेली.

जात वेगळी होती. पण ते कारण तू कधी पुढे केलं नाहीस, तुझ्या भावकीनं केलं. तुला लागलं ते वेगळंच. मासळी बाजारात कोणीतरी बोललं, "पलीकडच्यानं कप पण नेला आणि सुधाची पोरगी पण." ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. एरवी तू असल्या बोलण्याला वरचढ उत्तर दिलं असतंस. यात मात्र फुटबॉल होता. ज्या एका गोष्टीत तुला निर्भेळ आनंद मिळायचा, तिच्यातच लोकांनी काटा खोचून ठेवला, आणि तो काढायचा तर तो रुतलाय हे कबूल करावं लागलं असतं.

आपल्या स्पर्धेचा नियम साधा. प्रत्येक गावाचा संघ त्याच गावच्या माणसांचा. बाहेरचा पाहुणा चालत नाही, पण जावई चालतो, कारण जावई घरचाच. कागद कोणी मागत नाही. सासरच्या घरातल्या मोठ्या माणसानं त्याचा हात धरून पंचांच्या टेबलापाशी न्यायचं आणि चारचौघांत सांगायचं, हा आमचा जावई. एवढंच. एवढं एक वाक्य तुला बोलायचं होतं. त्याच्याऐवजी तू दरवर्षी बैठकीत दुसरी शंभर वाक्यं बोललास.

एकदा तुझ्या वर्णनावरून पोरांनी खरंच एक जावई आणला, आठवतं? वरच्या आळीतल्या गणूशेठचा, पेणचा. तिशी उलटलेला, शांत, कॉलेजकडून खेळलेला. सगळं तुझ्या मापाचं. फक्त जावई घरी आला म्हणून सासूबाईंनी सकाळी त्याला सुरमई, कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या असा बेत करून वाढलं होतं. तो मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि उभाच राहिला. प्रथमेश धावत आपल्याकडे बंधाऱ्यावर आला.

"काका, आता काय करू?"

"बाहेर काढ त्याला."

"जावयाला? गणूशेठ समोर खुर्ची टाकून बसलेत!"

तू खुर्चीकडे बघितलंस. "मग त्याला चेंडू देऊ नका. तेवढं सासऱ्याला दिसत न्हाय."

आपण हरलो. गणूशेठ मात्र खुशीत होते. "आमचे जावई शेवटपर्यंत मैदानात होते," असं ते आठवडाभर सांगत होते. घरी जाताना आपण इतके हसलो की तुला वाटेतच बसावं लागलं. मग म्हणालास, "सासरा खुर्ची टाकून बसला होता रे." आपण उठून चालायला लागलो.

मी एकदा नाव घेतलं होतं. त्या वर्षी पलीकडच्या संघाचा उपांत्य सामना होता. त्यांचा एकही सामना तू चुकवायचा नाहीस. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, म्हणायचास, आणि उन्हाचं निमित्त करून डोक्यावरून टॉवेल पुढे ओढून घ्यायचास. महेंद्र त्या दिवशी फार सुंदर खेळत होता. माझ्यासारख्यालाही ते दिसत होतं. बाकीचे धावत होते आणि तो जणू कोणाच्या तरी अंगणात फेऱ्या मारत होता, तरी चेंडू सारखा त्याच्याच पायाशी येत होता. मग कोणीतरी त्याला मागून आडवा पाय घातला. तो पडला आणि उठेना. तेव्हा तू उभा राहिलास. टॉवेल खाली पडला. तू हळू आवाजात म्हणत होतास, "ऊठ. ऊठ रे बाबा. गुडघा बघा त्याचा कोणीतरी." तो उठून चालायला लागेपर्यंत तू खाली बसला नाहीस.

मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "सुध्या, पुढच्या वर्षी महेंद्रचा हात धरून तू त्या टेबलापाशी जा. एक वाक्य बोलायचंय. हवं तर मी तुझ्याबरोबर येतो."

तू टॉवेल उचललास, झटकलास. "मास्तर, तुला फुटबॉल कळत न्हाय," एवढंच म्हणालास आणि सामना अर्धा टाकून निघून गेलास. त्यानंतर किती तरी दिवस तू वाचनालयाकडे फिरकला नाहीस. मी तुझ्या वाट्याचा पेपर घडी घालून बाजूला ठेवत राहिलो. मग एका सकाळी वाडीतली दोन शहाळी घेऊन आलास, काहीच घडलं नसल्यासारखा खुर्चीत बसलास, शेवटचं पान उघडलंस आणि पेपरातून डोकं वर न काढता म्हणालास, "डावा पाय कच्चा हाय त्याचा. पण चालतंय."

ते तुझं उत्तर होतं. मला तेव्हा त्याचा केवढा आनंद झाला होता! वाटलं, आता वर्षभरात होईल. आता घाई नको करायला. सुधाकर, आपण दोघंही घाई न करण्यात फार पटाईत होतो.

तुझ्या मनात राग उरला नव्हता, हे मी कोणासमोरही सांगेन. दुपारी नीलमचा फोन आला की वहिनी स्वयंपाकघरात जाऊन बोलायच्या आणि तू न सांगता वाडीत जाऊन पंपाची मोटार सुरू करायचास. सुपारीला पाण्याची गरज असो नसो. त्या आवाजात दोघींना मोकळं बोलता यावं म्हणून. पाऊस पडत असतानाही तू मोटार सुरू केलेली मी पाहिली आहे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं.

आणि चक्रीवादळाचं ते साल. वाचनालयाचे पत्रे उडाले, पुस्तकं चिखलात गेली. तुझ्या वाडीत माड आणि सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या, तुझंच नुकसान बघायला वेळ नव्हता, तरी तू टेम्पो घेऊन आलास आणि ओली पुस्तकं तुझ्या खळ्यावर नेलीस. सुकटीसारखी वाळत घातलीस. रोज दोनदा पालटायचास. "मास्तर, ह्यातली कुठली चविष्ट हायत?" म्हणून विचारायचास. आज या कपाटांत जे काही शिल्लक आहे, त्याच्या पानापानाला तुझ्या खळ्याचा मातकट वास आहे. मी त्याबद्दल तुझे आभार मानले नाहीत. मित्राचे कसले आभार, असं वाटायचं. तुझी हुशारी, तुझा दिलदारपणा हे सगळं मी असंच गृहीत धरलं, आणि जिथे तू अडला होतास तिथेही तू आपोआप सुटशील असं गृहीत धरलं.

फुटबॉलमधलं सगळं तुला कळत होतं. मग खेळाडूचं वय होतं, हे तू कसा विसरलास? अनुभव वाढतो तसा गुडघा झिजतो, मधल्या फळीच्या माणसाकडे दोन्ही एकत्र असण्याचे फार थोडे हंगाम असतात, हे तूच बैठकीत सांगायचास. "आज आणला तर आणला, उद्या त्याचा उपयोग न्हाय," असं फरशीवर बोट आपटून म्हणायचास. आणि घरी जाऊन पुढच्या वर्षावर टाकायचास.

गेल्या वर्षी प्रथमेशनं बैठकीत बातमी आणली की महेंद्रनं खेळणं सोडलं. गुडघा. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तू खांबाला टेकूनच होतास. "अजून दोन वर्षं खेळला असता," म्हणालास. "मध्ये नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं."

मला, खरं सांगतो, बरं वाटलं होतं. मला वाटलं, आता फुटबॉल मधून गेला. आता कोणी म्हणणार नाही की सुधानं कपासाठी जावई जवळ केला. आता तू साधेपणानं फेरीबोटीत बसशील आणि लेकीकडे जाशील. झालं उलटंच. तू त्याच्याविषयी बोलणंच बंद केलंस. तेव्हा मला समजलं की त्याच्याविषयी, नीलमविषयी बोलायला तुझ्यापाशी तेवढी एकच वाट होती. संघाला मधला माणूस हवा, असं म्हणत तू दरवर्षी तुझ्या लेकीला घरी बोलावत होतास. ती मागणीच निकालात निघाली आणि तुझ्याकडे दुसरे शब्द नव्हते. मी शब्दांत राहणारा माणूस. तुला चार शब्द उसने देता आले नाहीत मला.

तू गेलास त्या सकाळी नीलम पहिल्या बोटीनं आली. ती आत गेली आणि वहिनींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. महेंद्र त्या टोकालाच उभा होता. चप्पल काढून, हातात धरून. त्याला कोणी आत ये म्हणेना आणि जा म्हणेना. शेवटी खांदा द्यायच्या वेळी प्रथमेश गेला आणि त्याला दंडाला धरून घेऊन आला. तो लंगडत होता, तरी स्मशानापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

बाराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर तो तुझ्या ओटीच्या अगदी कडेला बसला होता, पाठ न टेकता. मला बघून सरकला. म्हणाला, "मास्तर काका, एक विचारू? ते माझ्याविषयी कधी काय बोलायचे?"

मी म्हणालो, "नाव घेऊन कधीच नाही."

त्यानं मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. मग मी त्याला सांगायला सुरुवात केली. तुझी सगळी बाजू मांडली, सुधाकर. चेंडू यायच्या आधी दोनदा बघणं, चेंडूवर पाय ठेवून थांबणं, पाण्याचा अंदाज, सुरूच्या झाडांकडे सरकणारा खेळ. तू जसं सांगायचास तसं, त्याच क्रमानं. मला फुटबॉल कळत नाही, पण मी एक शब्द चुकलो नाही.

"हे बैठकीत बोलायचे?"

"दरवर्षी."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तो हसला आणि मनगटानं डोळे पुसले. मग म्हणाला, "आमच्याकडं दिवाळी झाली की नावं घेतात संघासाठी. मी माझं नाव सगळ्यांत शेवटी द्यायचो. मुद्दाम. पोरं म्हणायची, भाव खातो. नीलम म्हणायची, कशाला थांबताय, कोण येणार न्हाय. पण मला वाटायचं, येईल कोणीतरी इकडून बोलवायला. बोट लागली की मी होडीतनं बघायचो कोण उतरतंय ते. ते न्हाय तर तुम्ही तरी."

आपल्या जेट्टीवरून ती बोट दिवसभर ये-जा करते. मी तिच्यात बसून पलीकडच्या शाळेला पुस्तकं द्यायला गेलोय, एकदा नव्हे, अनेकदा.

आतून वहिनींनी त्याला चहाला हाक मारली. "महेंद्र" म्हणून. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आले असते का हो ते? अजून थोडे दिवस मिळाले असते तर?"

मी लगेच हो म्हणालो, सुधाकर. एवढं आयुष्य तुझ्या शेजारी बसून काढलं, तरी मी त्याला खरं सांगितलं की खोटं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.